तिसऱ्यांदा विचारलेली पुडी

केळीच्या पानातल्या हळदभाताचा वास आला, की मला जावा बेटावरचं एक खेडं आठवतं, जिथे मी आयुष्यात गेलेलो नाही! इथे अमेरिकेत, फ्रिस्को शहरात, आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू तिथल्या. गाव एवढंसं, की या टोकाला शिंकलं तर त्या टोकाचा माणूस नाक पुसतो. वर ज्वालामुखी आजोबांसारखा विडी ओढत बसलेला, खाली पायऱ्यापायऱ्यांची भातशेती. नव्या घरात राहायला आल्यावर काकूंनी त्या डोंगराएवढी पिवळ्या भाताची मूद रचली आणि आम्हां मराठी शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं. निघताना त्यांनी पानात बांधलेल्या भाताच्या पुड्या पुढे केल्या. आम्ही संस्कारी माणसं एका सुरात म्हणालो, "नको नको, कशाला काकू!" त्यांचा चेहराच उतरला. "आमच्याकडे पुडी शेजाऱ्याच्या घरी गेली नाही, तर आपण त्या गावचे झालोच नाही." मी गरजलो, "अहो, आम्ही दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा नेतो!" बायको कुजबुजली, "आणि तू पहिल्यांदाच नेतोस." मी चार पुड्या उचलल्या, मग काय, "यार, मी डाएटवर आहे" म्हणणाऱ्या आमच्यातल्या एकानेही दोन लांबवल्या. आज समोर नवे नागपूरकर राहायला आले. पुडी पाहून तेही "नको नको" म्हणाले, तर काकू हसून चक्क मराठीत म्हणाल्या, "थांबा, अजून दोनदा विचारते."