कार्डावर नसलेली बाई

मंगळवार, ११ मार्च १९८६. अमादेओ गार्राल्दा यांनी माझ्या खिडकीत एकतीस ऑस्ट्राल साठ सेंटाव्हो मोजून ठेवले, नोटांवरचा हात तसाच राहू दिला आणि विचारलं, "फर्मिन, त्या हॉटेलात थर्मासमध्ये गरम पाणी भरून देतात का रे? की त्याचेही पैसे?"

"देतात, काका. फुकट."

"आणि खोली कितव्या मजल्यावर?"

"ते तिथं गेल्यावर कळतं."

"म्हणजे आधी कळत नाही," असं म्हणून त्यांनी सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर ते लिहून घेतलं. त्या कागदावर अशा सतरा शंका होत्या. बाजूच्या टेबलावरून टायपिस्ट नीदिया म्हणाली, "काय अमादेओ, मार देल प्लाताला चाललात की जहाजानं स्पेनला?"

आमचं गाव ओलावारीयाच्या बाहेर, सिमेंटच्या कारखान्याचं. मी तेवीस वर्षांचा होतो. व्यापारी शाळेतून हिशेब शिकून कामगार संघटनेच्या शाखेत लागल्याला दोन वर्षं झाली होती. औषधाच्या चिठ्ठ्या आणि हॉटेलचे अर्ज ही दोन्ही कामं माझ्याकडे. संघटनेचं हॉटेल मार देल प्लाताला होतं, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. उन्हाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत, तिथं सोडत काढावी लागे; एप्रिलमध्ये मात्र शुक्रवार ते रविवार, जेवणासकट, कामगाराला परवडेल अशा दरात खोली मिळे.

अमादेओ भट्टीवर होते. सव्वीस वर्षांत त्यांनी एकदाही सुट्टीत गाव सोडलं नव्हतं. भट्टीच्या झरोक्यातून ज्वाळेचा रंग बघून तापमान सांगणारा हा माणूस स्वतःच्या घराचं कुलूप लावलंय की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जायचा. एल्सिराबाईंना समुद्र दाखवीन असं त्यांनी बावीस वर्षांपूर्वी कबूल केलं होतं. समुद्र बसनं पाच तासांवर. पण दर वर्षी काहीतरी निघे: पगार थकला, छप्पर गळालं, सरकार बदललं.

आता पैसे माझ्या खिडकीत आले होते. मी अर्ज वाचला. सोबतच्या व्यक्तीच्या रकान्यात 'पत्नी' असं लिहिलेलं. मी त्यांचं संघटनेचं कार्ड काढलं; औषधंही त्यावरच मिळत. कार्डावर पत्नी म्हणून नाव होतं ओफेलिया.

ओफेलिया १९६१ साली बाहिया ब्लांकाला माहेरी निघून गेली होती. तेव्हा आमच्या देशात घटस्फोट नव्हता. लग्न मोडलं तरी कागदावर टिकायचं. एल्सिराबाई शिवणकाम करत, गार्राल्दांच्या घरात राहत, आणि सगळं गाव त्यांना गार्राल्दांचीच बाई मानत होतं. फक्त कार्ड मानत नव्हतं.

"काका, हॉटेलच्या काउंटरवर कार्ड आणि ओळखपत्र ताडून बघतात," मी हळू आवाजात म्हणालो.

हे त्यांना सांगायची गरज नव्हती. आदल्या वर्षी एका जोडप्याला तिथल्या व्यवस्थापकानं सामानासकट परत पाठवलं होतं. वर त्यानं शाखेला पत्र लिहिलं, आणि ते पत्र सभेत मोठ्यानं वाचलं गेलं. ती बाई पुढे या गावात राहिली नाही.

"सोपा उपाय आहे," मी म्हणालो. मला तेव्हा सगळ्याच गोष्टींना सोपा उपाय दिसायचा. "एकत्र राहत असल्याचं निवेदन द्या. दोन साक्षीदार, एक सही. दहा दिवसांत कार्डावर एल्सिराबाईंचं नाव."

"आणि आत्ता आहे ते नाव?"

"ते खोडलं जाईल. एका कार्डावर एकच."

त्यांनी निवेदनाचा कोरा अर्ज घेतला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला. ते गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. दर महिन्याला तेच माझ्याकडून इन्शुलिनच्या चिठ्ठ्या घ्यायचे, आणि मीच त्या चिठ्ठ्यांवर ओफेलियाचं नाव घालून शिक्का मारायचो. नऊ वर्षं त्या बाईचं औषध या कार्डावर चाललं होतं. नाव खोडलं की औषध बंद.

यादी बुधवारी, सव्वीस तारखेला पाठवायची होती. अमादेओ अर्ज घेऊन आले नाहीत. वाटेत भेटले की हवामानाचं बोलत. एप्रिलात वारा सुटतो म्हणे. भरतीला पाणी रस्त्यावर येतं म्हणे. अर्जाचं नाव काढलं की म्हणत, "बघू, बघू," आणि सायकलला टांग मारत.

शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो. एल्सिराबाई मशीनवर होत्या. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, त्यामुळे खोलीभर मुलांचे पांढरे कोट लटकत होते.

"अमादेओ नाहीये. बस सव्वासहालाच सुटते ना, ते बघायला स्टँडवर गेलाय. गुरुवारीही गेला होता."

"मग मी नंतर येतो."

"बस खाली. काय अडलंय?"

"काही नाही, एक सही राहिलीय."

"फर्मिन, तुझा पहिलीचा कोट मी शिवलाय. तेव्हाही खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे."

त्यांनी बटणांचा डबा उघडला. तळाशी चार घड्यांचा तो अर्ज होता. "त्याच्या बुटांच्या खोक्यात सापडला. दर महिन्याच्या पाच तारखेला माझा माणूस पाकीट घेऊन पोस्टात जातो आणि मला सांगतो, लॉटरीचं तिकीट काढायला गेलो होतो. नऊ वर्षं! एकदाही लागली नाही. मी काय खुळी आहे?"

"त्यांना वाटतं तुम्हाला माहीत नाही."

"वाटू दे की. बिचाऱ्याला तेवढंच एक गुपित आहे." मग त्या गंभीर झाल्या. "त्या बाईचं औषध तोडून मी लाटा बघत बसू? मला घास उतरेल का तिथं?"

"मग सहल रद्द करू?"

"रद्द?" त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं निळ्या लोकरीचा नवा कोट टांगलेला होता, मोठ्या कॉलरचा. "हा काय घासलेट आणायला घालून जाऊ? प्रत्येक गिऱ्हाईक विचारतंय, कधी निघताय. चौपन्न वर्षांची झाले मी, अजून हॉटेलात एक रात्रही झोपले नाही." त्यांनी अर्जाच्या घड्या उलगडल्या. "कार्डावर तिचा फोटो असतो?"

"नाही. फक्त नाव. फोटो ओळखपत्रावर."

"ओळखपत्र म्हणजे जुनी मतदार पुस्तिकाच ना? माझ्यासारखीच?" त्यांनी खणातून स्वतःची काढून माझ्यासमोर धरली. फोटोत अठरा वर्षांची एक मुलगी, दोन वेण्या, रागावलेली. "ओळख पाहू कोण ते."

मला ओळखता आलं नाही. आमच्याकडच्या त्या वयाच्या सगळ्या बायका असाच फोटो घेऊन फिरायच्या. तो कुणाचाही असू शकला असता.

मी पुस्तिका मिटून परत दिली. "एल्सिराबाई, पकडलं गेलं तर कार्ड रद्द होईल. मग इन्शुलिनही जाईल. आणि माझी नोकरी."

"म्हणजे तुला समजलं मी काय म्हणतेय ते."

"मी काहीही ऐकलेलं नाही."

"शहाणा आहेस. समोरचा येर्बाचा चहा घे, गार होतोय."

बुधवारी मी यादी पाठवली. अमादेओ गार्राल्दा आणि पत्नी ओफेलिया. कार्डाशी तंतोतंत जुळणारा अर्ज. मी आयुष्यात पाठवलेल्या कागदांपैकी याच एका कागदात एकही चूक नव्हती, आणि त्याच कागदानं माझी भूक घालवली.

एल्सिराबाईंनी ओफेलियाला स्वतःच पत्र लिहिलं, तिची पुस्तिका मागणारं. बावीस वर्षांतलं पहिलं. अमादेओंना पत्र टाकल्यावर सांगितलं. आठवडा गेला, उत्तर नाही. ईस्टर गेला, उत्तर नाही. अमादेओ रोज कामावरून सुटल्यावर माझ्या खिडकीशी येऊन उभे राहत. "तिनं वकिलाला दाखवलं असेल, फर्मिन. तिचा भाऊ वकिलाकडे कामाला होता."

आठ एप्रिलला बाहिया ब्लांकाच्या बसनं एक पुडकं आलं. आत पुस्तिका आणि वहीच्या पानावर चार ओळी. एल्सिराबाईंनी मला त्या वाचून दाखवल्या: "पुस्तिका सोमवारी परत टाका, बुधवारी औषधाच्या दुकानात लागते. पाणी चढलं असलं तर आत जाऊ नका. त्याला मासे देऊ नका, अंगावर पित्त उठतं."

"बावीस वर्षं मी त्याला मासे घालतेय," एल्सिराबाई म्हणाल्या. "कधी काही उठलं नाही. तिच्या हातच्या माशांनी उठत असेल."

अमादेओ कोपऱ्यात बॅग तिसऱ्यांदा भरत होते. "चारचौघांत हिला हाक काय मारू? घरी सराव करायला गेलो तर हिनं अंगुस्तान फेकून मारलं."

"नाव कशाला घेता, काका? नुसतं 'अगं' म्हणा."

"तीन दिवस?"

"गावातले अर्धे नवरे जन्मभर म्हणतात," एल्सिराबाई म्हणाल्या.

शुक्रवारी, अकरा तारखेला, सव्वासहाच्या बसनं ते गेले. ते साडेअकराला पोचणार, बारापर्यंत काउंटरवर. बारा वाजल्यापासून मी फोनकडे बघत होतो. फोन दर वेळी वाजला की माझा हात पेनसकट थांबायचा. नीदिया म्हणाली, "काय रे, कुठली पोरगी फोन करणार आहे?" चार वाजता मार देल प्लाताहून व्यवस्थापकाचा फोन आला.

"तुमच्याकडचं गार्राल्दा जोडपं आलंय."

"हो," मी म्हणालो.

"जेवणाच्या कुपनांवर तुमच्या शाखेचा शिक्का नाही. असं चालणार नाही. पुढच्या वेळी लक्षात ठेवा."

मी माफी मागितली. इतक्या आनंदानं मी कुणाची माफी मागितल्याचं आठवत नाही.

सोमवारी सकाळी खिडकीत एल्सिराबाई उभ्या होत्या, निळा कोट घालून. नाकावरचं कातडं उन्हानं सोललेलं. "पुस्तिका टाकली पोस्टात, आत्ताच. पावती घे, तुझ्याकडे राहू दे. त्याच्याकडे दिली तर दिवसातून चार वेळा काढून बघेल."

"सगळं नीट झालं ना?"

"काउंटरवरच्या पोरानं फोटो बघितला, मला बघितलं. म्हणाला, बाई, फार बदललात. मी म्हटलं, बाळा, तूही बदलशील." त्या हसल्या नाहीत. "रात्री जेवायला तांदील गावचं एक जोडपं आमच्या टेबलावर. ती बाई म्हणतेय, ओफेलिया, मीठ द्या. ओफेलिया, मीठ. मी आपली सूप पितेय. अमादेओनं टेबलाखालून अशी लाथ मारली की त्याचंच सूप सांडलं. त्याला घास जाईना. सारखा दाराकडे बघतोय."

"आणि समुद्र?"

"समुद्र." त्यांनी खिडकीच्या फळीवर दोन्ही हात ठेवले. "शनिवारी सकाळी तीन तास वाळूत बसले. त्याचं काय सांगू तुला? तो येतो आणि जातो, आणि आपल्याला काही विचारत नाही. मग तो किनाऱ्यावरचा फोटोवाला आला. आमचा दोघांचा फोटो काढला आणि पाकिटावर घालायला नाव विचारलं. अमादेओ पटकन म्हणाला, ओफेलिया गार्राल्दा. चूक नव्हती रे त्याची. ठरलं होतं तसंच बोलला. पण फोटो माझा, कोट मी शिवलेला, आणि पाकिटावर ती. उद्या मी मेले तर तो फोटो तिचा म्हणून ठेवतील. मी उठले."

"उठलात म्हणजे?"

"हॉटेलातून बॅग उचलली. तो मागून विनवत येतोय, अगं, पैसे भरलेत, अगं, लोक बघतायत. स्टँडच्या मागं एक खाणावळ आहे, वर चार खोल्या. तिथल्या बाईनं वही पुढे केली. मी लिहिलं, एल्सिरा मोन्तेनेग्रो. पूर्ण. तिनं विचारलं, नवरा-बायको? म्हटलं, नाही. तिनं विचारलं, खोल्या दोन की एक? म्हटलं, एक. तिनं किल्ली दिली. झालं. एवढंच होतं ते."

"खिडकीतून समुद्र दिसत होता?"

"बस दिसत होत्या. पण अमादेओ जेवला. दोन ताटल्या. मासे." आता त्या हसल्या. "आणि झोपला. मी त्याला तीन आठवड्यांत पहिल्यांदा झोपलेला बघितला."

हॉटेलकडून पत्र आलं: सदर खोली शनिवारपासून रिकामी का होती? मी उत्तर लिहिलं, "कौटुंबिक कारण," आणि या वेळी शिक्का विसरलो नाही.

पुढल्या वर्षी घटस्फोटाचा कायदा झाला. गावातली बरीच जोडपी न्यायालयात गेली. अमादेओ गेले नाहीत. पाच तारखेला ते लॉटरीचं तिकीट काढायला जात राहिले. ओफेलिया १९९१ साली वारली. एल्सिराबाई बाहिया ब्लांकाला अंत्यविधीला गेल्या, अमादेओंना भट्टीवरून सुट्टी मिळाली नाही. त्या महिन्यात कार्डावरचं नाव मी बदललं. निवेदनावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे, दुसरी नीदियाची.

अमादेओ २००३ साली गेले, एल्सिराबाई त्यानंतर सहा वर्षांनी. मी येत्या डिसेंबरात निवृत्त होतोय.

१९८६च्या त्या रविवारी परतीची तिकिटं काढल्यावर दोघांकडे पैसे उरले नव्हते. स्टँडमागच्या खाणावळीच्या बाईचे दोन नाश्त्यांचे एक ऑस्ट्राल दहा सेंटाव्हो द्यायचे राहिले, ते अजून राहिलेच आहेत.