केशवाचा उंबरठा आणि माझी फळी

आता कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला? पण मी नाही सांगितलं तर आमच्या गल्लीतलं दुसरं कोणीतरी सांगेल, आणि तिखटमीठ लावून सांगेल. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. कॉफी घ्या आधी, निवेल.

आमच्या भिंतीला भिंत लागून सुंदराक्का राहतात. त्यांची मुलगी अंबू तंजावरात दिलेली, बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगा झाला, केशव. केशवाने उंबरठा ओलांडला की मायलेकरांनी सासरी जायचं, असं ठरलं होतं. अंबूचं सगळं लक्ष तंजावराकडे. नवरा अधूनमधून रेल्वेने यायचा आणि ओट्यावर बसून पोराकडे असा बघायचा, की कोणाकडे बघतोय ते आम्हा सगळ्यांना कळायचं.

उंबरठ्याचं तुम्हाला सांगायला हवं. इकडे कुंभकोणात मूल पहिल्यांदा आपलं आपण उंबरठा ओलांडतं, तेव्हा मोदक करतात. आमचे तमिळ शेजारी त्याला कोळुकट्टै म्हणतात. गल्लीभर वाटायचे, मुलाच्या वडिलांच्या घरी पाठवायचे. तंजावरच्या मराठी राजांचं राज्य गेलं, गोऱ्यांचं आलं, पण हा रिवाज कोणी सोडला नाही. अट एकच, मुलाला उचलून पलीकडे ठेवायचं नाही.

तर एके सकाळी मी नेहमीसारखी त्यांच्याकडे गेले. बोलावलं नव्हतं. बोलावण्याची वाट बघत राहिले असते, तर मी आजवर माझ्याच घरात बसून राहिले असते. बघते तर केशव अक्कांच्या पानाच्या डब्यापाशी, बोट चुन्यात, आणि बोट निघालंय तोंडाकडे.

मी झडप घातली. बोट पुसलं, तोंड पुसलं, नंतर माझा घाम पुसला.

"अक्का, हे घर आहे की यमाचं अंगण? इथे चुना, तिथे विळी उभी. झोपाळ्याची कडी पोराच्या डोक्याच्या उंचीला. मागचं दार सताड उघडं आणि दाराबाहेर विहीर."

"मंगे, आमची पोरं याच घरात वाढली," अक्का म्हणाल्या.

"वाढली ती देवाची कृपा. आता मी बघते."

हे 'मी बघते' माझ्या तोंडून निघालं की आमचे हे कोर्टातून घरी यायला उशीर करतात. पण ते तेव्हा तिथे नव्हते.

मी बघितलं. विळी शिंक्यावर गेली. चिंचोके, कवड्या, समईच्या वाती, सगळं फळीवर. झोपाळा वर टांगला, म्हणून अक्कांची दुपारची झोप गेली. पानाचा डबा इतका उंच ठेवला, की पान खायचं तर अक्कांना मला हाक मारावी लागे. पण खरी भीती विहिरीची. दारासुरमच्या एका विणकराकडे मोडक्या मागाच्या रुंद फळ्या पडून होत्या. त्या आणल्या आणि घरातल्या प्रत्येक उंबरठ्यावर आडव्या उभ्या करून बसवल्या. मागच्या दाराला, स्वयंपाकघराला, देवघराला, पुढच्या दाराला.

"अगं, मग हा उंबरठा ओलांडणार कसा?" अक्कांनी विचारलं.

"चांगला दिवस बघू, फळी काढू, ओलांडेल. तोवर जगू तर दे त्याला."

नुसत्या फळीने भागणार नाही असं मला वाटलं. म्हणून केशव फळीला हात लावायला आला की मी पलीकडून टाळी वाजवायची आणि डोळे मोठे करून म्हणायची, "पूचांडी." म्हणजे आपला बागुलबुवा. पोरगा दचकायचा, वळायचा आणि मागे जायचा. थोड्याच दिवसांत टाळीचीही गरज उरली नाही. फळीपाशी आला, की आपला आपणच वळायचा. मी गल्लीत सगळ्यांना सांगत सुटले, पोर असं वळण लावून वाढवायचं असतं.

चांगला दिवस आला. फळ्या काढल्या. अंबूने पोराला न्हाऊमाखू घातलं, तांदळाचं पीठ दळून तयार, गूळ-खोबरं शिजून तयार. केशव सुसाट रांगत पुढच्या दाराशी आला. उंबरठ्यापाशी थांबला. जिथे फळी असायची तिथे हवेत हात लावून बघितला. मग माझ्याकडे बघितलं, आणि वळून परत गेला.

आम्ही गूळ दाखवला. खुळखुळा दाखवला. मांजर दाखवलं. मांजर उंबरठा ओलांडून गेलं, केशव नाही. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर तेच, देवघराच्या तेच. माझ्या घरी आणला, तिथेही तेच. आत आपण नेऊन सोडायचा आणि उंबरठा आला की याने वळायचं.

"काकी, याच्या पायांत काही दोष तर नाही ना?" अंबूने विचारलं आणि तिला रडूच फुटलं.

आता खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण फळ्या तर मी काढल्या होत्या. मग माझा काय दोष? मला वाटलं, दृष्ट. मी मीठमिरच्या ओवाळल्या. मग बाजूच्या मामींना विचारलं, समोरच्या अम्माळला विचारलं, नदीवर कपडे धुणाऱ्या बायकांना विचारलं, देवळात विचारलं. तिरुनागेश्वरमहून दूध घालायला येते तिलाही विचारलं. उपाय मागायला म्हणून गेले हो मी. पण उपाय एकाकडेही नव्हता, आणि बातमी मात्र सगळ्यांकडे झाली. अंबूच्या पोराचे पाय अधू आहेत.

बातमीला तिकीट लागत नाही. ती आमच्या आधी तंजावरला पोचली.

तिकडून निरोप आला, अंबूच्या सासूबाई स्वतः पाय बघायला येताहेत. पाय ठीक असतील तर दोघांना घेऊन जातील. नसतील तर पोराच्या पायांत बळ येईपर्यंत दोघं इथेच. अंबू देवघराच्या कोपऱ्यात जाऊन बसली, ती जेवायलाही उठेना. ज्या पोरीची पाठ मी तिच्या बाळंतपणात चोळली, तिचा संसार मी माझ्या तोंडाने बुडवत होते.

सासूबाई यायच्या दिवशी अक्का माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "मंगे, त्याला हे तू शिकवलंस. आता तूच विसरव."

"कसं विसरवू अक्का?"

"तो तुझ्याकडे बघून वळतो. तू ओलांड, तुझ्या मागे येईल."

"मी रोजच ओलांडते की."

"तू चालत ओलांडतेस. तो रांगतो."

मी अक्कांकडे बघितलं. अक्का अजिबात हसत नव्हत्या.

तर मी, तीन मुलींची लग्नं केलेली बाई, नऊवारीचा काचा आवळून जमिनीवर ओणवी झाले. गुडघे असे वाजले की केशव टाळी समजून मागे पळाला. त्याला परत आणला. मी पुढे, तो मागे, अंबू बाजूला हात जोडून उभी. उंबरठ्यावर पहिला हात टाकला, दुसरा टाकला, एक गुडघा टाकला. दुसऱ्या गुडघ्याखाली लुगडं अडकलं. पुढे जाता येईना, मागे येता येईना. अर्धी ओट्यावर, अर्धी घरात, पोट उंबरठ्यावर टेकलेलं.

आणि नेमकी तेव्हाच दाराशी जटका, म्हणजे इकडची घोडागाडी, येऊन थांबली.

आधी मला चाकं दिसली, मग पावलं, मग जोडवी. मान वर केली. तंजावरच्या सासूबाई.

"विहीणबाई," त्या माझ्या डोक्यावरून अक्कांना म्हणाल्या, "पाय कोणाचे अधू आहेत म्हणालात?"

"ही शेजारीण आहे," अक्का म्हणाल्या. "आजच उंबरठा ओलांडायला लागली."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पाठीवर काहीतरी चढलं. दोन इवले हात माझ्या अंबाड्यात रुतले. केशव माझ्या कमरेवरून पाठीवर, पाठीवरून खांद्यावर, खांद्यावरून धप्पकन ओट्यावर, आणि तिथून रांगत थेट आजीच्या पदराला.

अंबू चाचरत म्हणाली, "आत्याबाई, ओलांडला ना त्याने?"

"उंबरठा ओलांडला की बाई ओलांडली, ते मला सांगता येणार नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी नातवाला उचललं, त्याच्या पोटऱ्या दाबून बघितल्या, मग माझ्याकडे एकदा आडवं-उभं बघितलं. "पण हा एवढा डोंगर चढून आलाय. याच्या पायांना काय धाड भरलीय? मोदक करायला घ्या."

मोदक झाले. पहिला केशवाच्या हातात दिला. दुसरा सासूबाईंनी माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "घ्या, तुमचाही पहिलाच."

दुसऱ्या दिवशी अंबू तंजावरला गेली. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली, आणि रडताना मध्येच हसली. हसली ते मी मनावर घेतलं नाही.

पण जटका वळल्यावर अक्का आत गेल्या, आणि मागच्या दाराची ती सगळ्यात रुंद फळी काखेत मारून आल्या. सरळ माझ्या घरी गेल्या आणि माझ्या पुढच्या उंबरठ्यावर ती बसवून टाकली.

"पोराला जपायचं तर फळी कुठे लावायची, तेवढंच आपलं चुकलं बघ मंगे."

तेव्हापासून ती तिथेच आहे. मी म्हटलं तर काढू शकते, पण काढत नाही. सकाळी अक्कांकडच्या कॉफीचा वास येतो, मी पदर सावरून निघते, फळीपाशी पोचते. तेवढ्यात मागून आमचे हे पानाचा विडा गालात धरून एक टाळी वाजवतात आणि हळूच म्हणतात, "पूचांडी."

आणि खोटं कशाला सांगू तुम्हाला, मी वळून परत आत जाते.