तमिळमध्ये मेलेला भाऊ

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पीण्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या बसमध्ये एक फिटर रोज माझ्या शेजारी बसायचा. घरचा मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचा. नखांत ग्रीस, डब्याच्या पिशवीत सिनेमाच्या जाहिरातींची कात्रणं. तमिळ सिनेमाचा कन्नडमध्ये रिमेक आला, की हा पहिल्याच दिवशी रजा टाकायचा. मूळ सिनेमा आधीच दोनदा पाहिलेला असायचा.

एकदा मी वैतागून विचारलं, “गोष्ट तीच, मग पुन्हा कशाला?”

“तमिळमध्ये धाकटा भाऊ मरतोय, अण्णा,” तो कात्रणाची घडी घालत म्हणाला. “कन्नडमध्ये स्वल्प बदल करतात. वाचवलाय काय, बघून येतो.”

रजेनंतर तो बसमध्ये चढला, तेव्हा मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. शेजारी बसला आणि थोड्या वेळानं म्हणाला, “तेलुगूतही काढतायत म्हणे.”