माळशेज उतरायच्या आधी

नारायणगावात जुन्नरकडं वळणाऱ्या रस्त्यावर चांद मिस्त्रींचं गॅरेज आहे. टोमॅटोच्या पिकअप, गावोगाव प्रवासी नेणाऱ्या वडापच्या जीपा, द्राक्षवाल्या बागायतदारांच्या चकचकीत गाड्या, सगळ्यांचे ब्रेक त्यांच्याच हातचे. एखाद्या गिऱ्हाइकानं ‘जुनंच चालवा की मिस्त्री’ म्हटलं, तर ते गाडीची किल्ली मुकाट्यानं त्याच्या हातावर ठेवतात. ब्रेकच्या कामात जुगाड चालायचा नाही, हा त्यांचा बाणा, आणि तो ते आल्यागेल्याला ऐकवतातही. आयुष्यात एकदाच त्यांनी तो मोडला. तोही कुठं, तर पोटच्या पोरीच्या गाडीत.

पोरीचं नाव कौसर. लग्न होऊन कल्याणला गेलेली. तिची गाडी साधी, पांढरी, घरगुती. अब्बांनीच पारखून घेऊन दिलेली. दर महिन्या-दोन महिन्यांनी लेकीला, इफराला, मागच्या सीटवर टाकून ती स्वतः गाडी चालवत माळशेज घाट चढून यायची. गाडी दारात लागली की मिस्त्री आधी बोनेट उघडायचे आणि मग नातीचा मुका घ्यायचे. यावरून बायको सितारा त्यांना बोल बोल बोलायची, आणि मिस्त्री नुसते हसायचे.

अशाच एका खेपेला गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांतल्या ब्रेकच्या डिस्कवर चरे पडलेले दिसले. नव्या डिस्क पुण्याहून दुसऱ्या दिवशी आल्या असत्या, पण कौसरला सकाळी निघायचं होतं. मिस्त्रींनी डिस्क काढल्या आणि लेथवाल्या भरतकडं घासायला नेल्या. भरतनं जाडीचं माप लावून मान हलवली.

“मिस्त्री, मापाच्या खाली चाललीय राव.”

“आनखी एक हात मार. घरचीच गाडी हाय, चालंल.”

गिऱ्हाइकाच्या गाडीला हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नसते. आपल्या माणसांना मात्र आपण गृहीतच धरतो. घासलेली डिस्क दिसते आरशासारखी, पण ती पातळ झालेली असते, आणि पातळ डिस्क लवकर तापते; ती तापली की ब्रेकचं तेल उकळतं आणि पेडलला जोर राहत नाही. त्यात घाट असा, की माहेरी येताना कौसरला तो चढायचा असतो आणि जाताना उतरायचा.

दुसऱ्या दिवशी निम्म्या उतारावर ब्रेकचं पेडल थेट तळाला जाऊन बसलं. कौसरनं गाडी पहिल्या गिअरात टाकली, हँडब्रेक ओढला आणि कठड्याला घासत घासत कशीबशी उभी केली. मागं इफरा झोपलेली होती. पोरीनं पहिला फोन अब्बांना लावला.

“अब्बा, ब्रेकच लागंना. पेडल खाली बसलं व्हतं.”

मिस्त्रींना त्याच क्षणी सगळं उमगलं. भरतचं माप डोळ्यांपुढं आलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“ब्रेकवर सारखा पाय ठिवला असशील. घाट गिअरात उतरायचा असतो, शिकवलं न्हाई का तुला?”

कौसर “बरं अब्बा” म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्याला दीड वर्ष झालं. दीड वर्षात कौसर एकदाही आली नाही. कधी इफराची परीक्षा, कधी नवऱ्याला सुट्टी नाही, कधी घाटात दरड. सितारा म्हणायची, एसटीनं ये. तर इफराला एसटी लागते. ईदच्या दिवशी सितारा शीरखुर्म्याचा एक डबा बाजूला काढायची, चार दिवस फ्रिजमध्ये जपायची आणि पाचव्या दिवशी शेजारी देऊन टाकायची. रिकामा डबा ती घासून पुन्हा फळीवर ठेवायची, आणि तेच मिस्त्रींना जास्त लागायचं. पांढरी गाडी गॅरेजपुढं थांबली की ते जीपखालून मान वाकडी करून नंबर बघायचे. कल्याणचा एमएच झिरो फाइव्ह कधी दिसला नाही. मिस्त्रींना लेकीची आठवण यायची ती सणासुदीलाच असं नाही. स्पॅनर मागायला हात मागं केला आणि हातात काही आलं नाही, की तेवढ्यानंही ती आठवायची.

सगळ्यात जास्त आठवण यायची ती ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढताना. हे काम एकट्याचं नाही. एकानं चाकापाशी पडून तेलाच्या वाटेवरची चकली, म्हणजे बारका स्क्रू, सैल करायची आणि दुसऱ्यानं आत बसून पेडल दाबून धरायचं. कौसर नऊ वर्षांची असल्यापासून हे काम तिचं होतं. बुडाखाली उशी घेऊन ती सीटवर बसायची. बाहेरून ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’, आणि आतून तिचा बारीक आवाज, ‘धरलंय, अब्बा!’

आता जे गिऱ्हाईक हाताशी असेल त्याला बसवायचं. एक दिवस राजुरीच्या मच्छिंद्रला त्याच्याच जीपमध्ये बसवलं होतं. पेडल दाबता दाबता तो सहज म्हणाला, “मिस्त्री, पेडलवर तुमची लेक असायची ना वो? यायची बंदच झाली का?”

मिस्त्रींच्या हातातला पाना खाली पडला. जीपचं काम संपवून त्यांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला येतात तसल्या डिस्क मागवल्या: जाड, मोठ्या, मधून वारा खेळणाऱ्या, कितीही लांब उतार असला तरी लवकर न तापणाऱ्या. त्यांना बसणारे, पॅड डिस्कवर दाबून धरणारे कॅलिपर आणि नवे पॅडही मागवले.

चौथ्या दिवशी ते टोमॅटोचा क्रेट घेऊन कल्याणच्या एसटीत चढले. खाली डिस्कचं सामान, वर सितारानं घातलेले टोमॅटो.

“पावणं, कसला टोमॅटो हाय हा?” क्रेट सरकवताना कंडक्टर कण्हला.

“घाटात उपयोगी पडतो,” मिस्त्री म्हणाले.

कौसर बिल्डिंगखाली उतरून आली. वाळली होती. सलाम झाला, अम्मीची चौकशी झाली. मिस्त्रींनी सरळ जॅक लावला आणि चाक काढलं. आत त्याच डिस्क होत्या, त्यांनी घासलेल्या. दीड वर्ष पोर ह्यांच्यावरच गाडी चालवत होती.

दुपारपर्यंत नवीन सगळं चढलं. राहिली फक्त हवा काढायची. मिस्त्री चाकापाशी आडवे झाले. कौसर न सांगता सीटवर जाऊन बसली.

“दाब. सोड. दाब. धर.”

“धरलंय, अब्बा.”

तिचं तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच त्यांना धीर आला.

“कौसर, त्या दिवशी तुझ्या पायाची चूक नव्हती. डिस्क मी मापाच्या खाली घासली व्हती. भरत नको म्हनत व्हता. मीच म्हनलो, घरची गाडी हाय, चालंल. आन वर तुलाच बोललो.”

चकलीला लावलेल्या नळीतून तेलाबरोबर हवेचे बुडबुडे येत राहिले.

“मला ठाऊक हाय,” आतून आवाज आला. “दुसऱ्याच दिवशी इथल्या मिस्त्रीनं चाक काढून दाखवलं.”

“मग बदलून का न्हाई घेतल्या?”

“तो बदलतोच म्हनत व्हता. मी म्हनलं, ज्यानं घासल्यात तोच बदलील. तवापास्नं गाडी इफराच्या शाळेपुरतीच काढते. आन अब्बा, घाटाला नाय भ्याले मी. माझंच चुकलं असं तोंड करून तुमच्यासमोर जेवायला बसायचं, ते जमत नव्हतं.”

मिस्त्रींनी बाहीनं डोळे पुसले. बाहीचं ऑइल गालाला लागलं.

“आता सोडू का? पाय दुखायला लागला.”

“थांब, आधी आवळू दे, न्हाईतर परत आत हवा जाईल,” ते म्हणाले. चकली आवळली. “हां. सोड.”

चारी चाकं झाली. कौसरनं पेडल दाबून बघितलं, अगदी कडक लागलं. मिस्त्रींनी जुन्या डिस्क क्रेटमध्ये टाकल्या. गॅरेजात दर्शनी खिळ्याला त्या टांगायच्या, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

“नवे पॅड हायत,” ते हात पुसत म्हणाले. “डिस्कवर नीट बसायला सपाटीला दमानं चालवावे लागत्यात. तवर घाट चढला तर चालतो, पन उतरायचा नाय.”

“किती चालवायचे?”

“तीनशे किलोमीटर.”

“इथनं आपलं घर शंभर-सव्वाशे. उरलेले?”

“तिकडंच फिरवू की. एक दिवस राजुरीला जाऊ, एक दिवस पारगावला. इफराला साखर कारखाना दाखवू. रोज थोडं थोडं.”

कौसर दीड वर्षांनी हसली. “पण अब्बा, गिऱ्हाइकाला तर तुमी दोनशेच सांगता.”

“ती लोकांची गाडी असती,” मिस्त्री म्हणाले. “ही घरची हाय.”

कौसर इफराचे कपडे भरायला वर गेली.