साहेबाला पाठ दाखवायची नाही

भीतीचे किस्से कसे साठतात बघा. घडतात त्या दिवशी तोंडाला कोरड पडलेली असते, घास उतरत नाही. आणि म्हातारपणी तेच सांगायला बसलं की चहा गार होतो तरी संपत नाहीत. माझ्याकडचे बहुतेक शाळेतले आहेत, आणि तेही त्या चार-दोन वर्षांतले.

आमची मुलींची शाळा शहराच्या लष्कर भागात, गोरखीच्या जुन्या राजवाड्यापासून पायी जाण्याएवढी. इंग्रजी शिकवणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि कमल. आधी संस्थान विलीन झालं, मग मध्यभारत आला, तो अंगवळणी पडतोय तोच मध्यप्रदेश झाला आणि राजधानी गेली भोपाळला. दर खेपेला आम्हाला नव्याने पारखायचे. स्टाफरूममध्ये एकच शब्द, तबादला. पुण्याकडचे लोक बदली म्हणतात. बदली त्या मानाने सौम्य वाटते हो, तबादला म्हटलं की वळकटी बांधल्यासारखंच वाटतं.

*

सगळ्यात मोठी धास्ती बस्तरची. नवीन प्रांतात बस्तरही आलंय एवढं कळलं होतं, आणि जो जास्तीचा निघेल त्याला तिकडे टाकणार अशी रोज नवी खबर यायची.

एका दुपारी भूगोलाच्या बाई म्हणाल्या, एकदा बघू तरी किती लांब आहे ते. भिंतीवरचा मोठा नकाशा संस्थानाच्या वेळचा. उज्जैन सापडलं, मंदसौर सापडलं, भेलसा सापडलं. बस्तर काही सापडेना. बाई खुर्चीवर चढल्या, चष्मा पुसला, पुन्हा शोधलं.

मी म्हटलं, "अहो, नकाशा आपल्या संस्थानाचा आहे. त्यात बस्तर कुठून येणार?"

बाई तशाच खुर्चीवर उभ्या राहिल्या. "म्हणजे नकाशाच्या बाहेर पाठवणार आपल्याला?"

त्या दिवशी डबे तसेच घरी गेले.

*

कमलची गोष्ट वेगळी होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. दाना ओली नावाच्या गल्लीत दोन खोल्या आणि घरात सासरे. त्यांना सगळी आळी तात्या म्हणायची. दरबारच्या दफ्तरात इंग्रजी पत्रव्यवहार बघायचे, नंतर डोळे गेले. कमलला इंग्रजी शिकवलं ते त्यांनीच, आणि पुस्तकाशिवाय. रेडिओवर इंग्रजी बातम्या लागल्या की दोघं ऐकायची. मग तात्या रेडिओ बंद करून म्हणायचे, "आता सांग, काय ऐकलंस?" तिचं व्याकरण असं कानातून आत गेलं. डोळे गेल्यावर त्यांचा सगळा दिवस त्या बातम्यांच्या आधाराने चालायचा.

तात्यांना आवाजावरून माणूस कळायचा. मी एकदा उंबऱ्यातून नुसतं "येऊ का?" म्हटलं, तर म्हणाले, "ये शांते, ये. सासूबाईंशी आज जास्तच वाजलेलं दिसतंय." खरंच वाजलं होतं. मी जन्मात कधी इतकी ओशाळले नाही.

बस्तरच्या तबादल्याचा विषय निघाला की मात्र तात्या हट्टाला पेटायचे. "तू जा खुशाल. मी दाना ओली सोडणार नाही. इथली पायरी न् पायरी माझ्या पायाला माहीत आहे. इथेच मरेन."

कमल त्यांच्यापुढे गप्प बसायची आणि शाळेत येऊन माझ्यापाशी रडायची. "शांता, मी गेले तर त्यांना पेलाभर पाणी कोण देईल गं? आणि नोकरी सोडली तर दोघांनी खायचं काय?" मलाच माझी पडलेली.

*

आता आमच्या हेडमिस्ट्रेस, सुर्वेबाई. शिलेदारांचं घराणं. संस्थानात रिवाज असा की मोठा माणूस आला की त्याला पाठ दाखवायची नाही, निघतानासुद्धा मागे मागे सरकत निघायचं. संस्थान गेलं, पण बाईंनी रिवाज सोडला नाही. मुलींकडूनही घोटून घेतला होता. "आम्ही पाठ शत्रूला नाही दाखवली, साहेबाला दाखवू?" असं त्या म्हणायच्या, आणि साहेब नक्की कोणत्या बाजूचा, ते मला कधी समजलं नाही.

नवे इन्स्पेक्टर साहेब जबलपूरकडचे. त्यांना या रिवाजाची काय खबर? पहिल्या मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, आले आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. बाईंनी शाळेची माहिती सांगितली, हात जोडले आणि मागे सरकायला लागल्या. मागे पाण्याचे माठ होते. आम्ही सगळ्या बघतोय, पण साहेबांसमोर ओरडणार कोण? बाई थेट माठात जाऊन बसल्या.

साहेब घाबरून उठले. "बहनजी को चक्कर आया है क्या?"

बाईंचे हात जोडलेलेच. खापरांत बसल्या बसल्या म्हणाल्या, "नहीं साहब, ये हमारे यहाँ का अदब है."

*

त्याच मुआयन्यात माझी पाळी आली. इंग्रजीच्या दोघींत एक जास्त आहे, असं वरून ठरून आलेलं. साहेब पहिल्या बाकाला खेटून बसले, म्हणजे मी फळ्याकडे वळले की माझी पाठ त्यांच्याकडे. आणि दारात ओल्या लुगड्यानिशी सुर्वेबाई उभ्या.

मी तोंड साहेबांकडे ठेवलं, हात खांद्यावरून मागे टाकला आणि अंदाजाने लिहीत सुटले. वर्तमानकाळ फळ्याच्या मधोमध सुरू झाला आणि भूतकाळापर्यंत खडू फळा सोडून भिंतीवर पोचला. मुली बिचाऱ्या माना वाकड्या करून उतरवून घेत होत्या.

तास संपल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, "बहनजी, आपका हाथ कब से ऐसा है?"

ते म्हणाले, मी हजीऱ्याला राहतो, तिथे एक वैद्यजी चांगले आहेत. आणि जाताना सुर्वेबाईंना सांगून गेले, "इनको दूर नहीं भेजेंगे. बीमार हैं."

मी वाचले. पण दोघींतली एक वाचली म्हणजे दुसरी कोण राहिली, ते सांगायला नको. कमलने मला पाणी आणून दिलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. साहेब एवढंच म्हणाले होते की पुढच्या खेपेला तिचा कवितेचा तास बघतो, चांगला झाला तर दोघींनाही ठेवायची शिफारस करतो.

*

मग आम्ही रोज शाळा सुटल्यावर दाना ओलीत. पुस्तकातली एक साधी कविता होती, नदीवरची. कमल वाचायची, तात्या भिंतीला टेकून ऐकायचे.

"पुन्हा."

ती पुन्हा वाचायची.

"पुन्हा. नदी घाबरत नसते, कमल. तू समोरच्याकडे बघत वाचतेस. डोळे मीट आणि तूच ऐक."

आठवडाभर हे चाललं. रात्री स्वयंपाक करतानासुद्धा ती नदी पुटपुटायची आणि भाजी करपवायची. तात्यांनी करपलेली भाजी मुकाट्याने खाल्ली, हे तिनेच मला सांगितलं.

*

मुआयन्याच्या दिवशी साहेब वर्गात आले, दारातल्या माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हम पीछे बैठेंगे. बहनजी को हाथ घुमाने की जगह चाहिए." मनाचे चांगले हो. त्यांना वाटलं, या शाळेत हाताची साथच आहे.

ते शेवटच्या बाकामागे जाऊन बसले मात्र, मुलींची पंचाईत झाली. सगळ्यांची पाठ साहेबांकडे. एक वळली, दुसरी वळली, आणि बघता बघता अख्खा वर्ग बाकांवर उलटा फिरून साहेबांकडे तोंड करून बसला. कमलच्या पुढ्यात नुसत्या वेण्या आणि रिबिनी. पुस्तकं मागे बाकांवर राहिलेली.

कमलचा चेहरा मला दिसत होता. मला वाटलं, संपलं आता. तिने पुस्तक मिटलं, डोळेही मिटले आणि कविता म्हणायला लागली. शेवटपर्यंत म्हटली. मग तात्यांसारखंच विचारलं, काय ऐकलंत? आणि मुली साहेबांच्या डोळ्यांत बघत, पाठमोऱ्याच, एकेक सांगायला लागल्या. नदी कुठून निघाली, कुठे वळली, कुठल्या ओळीत थांबली. इंग्रजीत हो, सगळं इंग्रजीत.

साहेब उठून उभे राहिले. "न किताब देख रही हैं, न बहनजी को. सिर्फ सुन रही हैं!"

ऑफिसात बरीच चर्चा झाली. आम्ही दोघी बाहेर एकमेकींचे हात धरून उभ्या. सुर्वेबाई मागे मागे सरकत बाहेर आल्या, दार लावलं आणि वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कमल, साहेब म्हणाले असा तास त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नाही. ही पद्धत सगळ्या मास्तरांनी शिकायला हवी. मास्तरांसाठी नवीन ट्रेनिंग स्कूल निघतंय, तिथे तुला नेमणार. मोठी जागा आहे गं."

"कुठे?" कमलने विचारलं.

बाईंनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "बस्तर."

*

मी तिला घरापर्यंत सोडायला गेले. दाना ओलीच्या तोंडाशी तिने डोळे पुसले. म्हणाली, "आज तात्यांना काही कळू द्यायचं नाही. शपथ आहे तुला." मी मान हलवली.

तात्या रेडिओपाशी बसलेले. "झाला का मुआयना?"

"झाला ना, तात्या. एकदम छान झाला. साहेब खुश होऊन गेले."

"कविता म्हण बघू. तिथे म्हटलीस तशी."

कमलने कविता म्हटली. कुठे अडखळली नाही, आवाज कुठे हलला नाही. इतकी सुरेख तिने कधीच म्हटली नव्हती. मी तात्यांच्या तोंडाकडे बघत होते. पुन्हा म्हण म्हणाले नाहीत. कविता संपल्यावर त्यांनी हात लांब करून रेडिओ चाचपला आणि उपरण्याने त्याच्यावरची धूळ सावकाश पुसली, चारी बाजूंनी.

मग म्हणाले, "कमल, बस्तरला रेडिओ लागतो का गं?"