राजीनामा मी देत नाही

बुद्धिबळात डाव गेला की राजीनामा द्यावा, ही सभ्य माणसांची रीत. मी ती पाळत नाही. समोरच्याच्या हातूनही माती होऊ शकते, यावर माझा विश्वास आहे. माझ्या हातून ती इतक्या वेळा झालेली आहे.

आमचा सहा जणांचा संघ रविवारी दुपारी मोबाइलवर सामने खेळतो. कप्तान खंडाळ्याचे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. मी सहाव्या, म्हणजे शेवटच्या पटावर. आधीच्या रविवारी माझ्याकडे वजीर होता आणि समोर नुसता उघडा राजा. मी आधी ग्रुपवर ‘जिंकलो! मिसळ माझ्याकडून’ असं टाकलं आणि मग चाल केली. त्या चालीनं त्याच्या राजाला शह बसला नाही, पण हलायला एक घरही उरलं नाही. झाली बरोबरी. मिसळ मात्र पाचही जणांनी खाल्ली. वर भाऊंनी बजावलं, “पुढचा डाव हरलास तर तू राखीव.”

राखीव म्हणजे दुसऱ्यांचे डाव बघत ग्रुपवर अंगठे टाकायचे. मेलो तरी नको.

तर हा रविवार. औंढ्यात आमच्या ओट्यावर मी, फोन आणि माझ्या खांद्यावरून वाकलेले शेजारचे आबा. बाकीच्या पाचांतले चार डाव आम्ही हरलेलो, म्हणजे सामना गेलाच होता. माझ्याकडे राजा आणि घोडा. त्याच्याकडे राजा, उंट आणि दोन प्यादी, एक मधलं, एक अगदी कडेचं.

भाऊंचा मेसेज आला, ‘सोड आता. शोभत नाही.’

‘नाही सोडत,’ मी लिहिलं आणि घोड्यानं मधलं प्यादं मारलं. त्याच्या राजानं घोडा उचलला.

“आरं, घोडा फुकट घातलास की!” आबा ओरडले.

“थांबा हो आबा.”

“काय थांबा? आन् राजा कुटं निघाला पळत? कोपऱ्यात? मार खायचा तर मोकळ्यात तरी खा!”

ग्रुपवर भाऊ, ‘हा परत माती करणार!’

पण मला एक गोष्ट ठाऊक होती, तीही मूर्खपणातूनच. असाच उंट आणि असंच कडेचं प्यादं घेऊन मी एकदा फोनशी अख्खी दुपार झगडलो होतो. जिंकता येईना. प्यादं जिथं वजीर होणार ते कोपऱ्यातलं घर काळं, आणि उंट पांढऱ्या घरांवरून चालणारा. त्या कोपऱ्यात राजा बसला की उंट त्याला हुसकू शकत नाही.

माझा राजा बसला. समोरच्यानं उंट नाचवला, मग लिहिलं, ‘दादा, सोडा ना.’

‘तुम्ही सोडा.’

मी कोपऱ्यातून शेजारच्या घरात, परत कोपऱ्यात. शेवटी वैतागून त्यानं प्यादं ढकललं. आता शह नाही आणि हलायला घरही नाही, अशी गत माझ्या राजाची. बरोबरी!

“जिंकलास व्हय?”

“नाही आबा.”

“मग हरलास?”

“नाही.”

“मग येवडं दात का काढतुयास?”

भाऊंनी ग्रुपवर एवढंच टाकलं, ‘दीड विरुद्ध साडेचार. हरलो.’ माझ्याबद्दल अक्षर नाही. सोमवारी मी थेट खंडाळ्याला गेलो. ते पडवीत पुढच्या सामन्याची यादी करत होते. सहाव्या ओळीत काही नव्हतं.

“चहा घेणार?”

“आधी यादी.”

“सामना हरलोय आपण.”

“संघ हरला. मी नाही. तुम्ही म्हणालात, हरलास तर.”

“अरे, हरलेला डाव इतका ओढायचा नसतो. लोक हसतात.”

“हसू देत. लिहा.”

भाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पुटपुटले, आणि लिहिलं. शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत मी उभाच होतो.