सहा घरांच्या चाव्या

जालिंदरकाकांच्या दाराच्या आतल्या बाजूला सहा खिळे होते अन् सहा खिळ्यांना सहा घरांच्या चाव्या. प्रत्येक खिळ्याखाली भिंतीवर पेनानं नाव लिहिलेलं. ज्योत्स्ना मॅडम, भागवत, आप्पा किराणावाले, अशी. बीडात येऊन वर्ष झालं होतं अन् एवढीच काय ती काकांची कमाई.

एकतीस वर्षं एसटी चालवली त्यांनी. बीड-माजलगाव, बीड-पुणे, कुठं म्हणून गाडी नेली नाही असं नाही. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर पोरं त्यांना लांबून ओळखायची, चहा न सांगता यायचा. पण लाखभर माणसं नेली-आणली ती सगळी पाठीमागं बसलेली. बोलायचं काम कंडक्टरचं. घरी आलं की बायको, पारूबाई, बोलायची, काका नुसतं हूं हूं करायचे. मग पारूबाई गेली. पोरगा सौरभ पुण्याला कंपनीत, तो म्हणाला गावी दिंद्रुडला एकटं कशाला राहता बाबा, अन् त्यानं बीडात दोन खोल्या बघून दिल्या. "दवाखाना जवळ हाय, आजूबाजूला माणसं हायत. ओळखी होतील की!"

माणसं होती. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी आडनाव विचारलं. चहाचं कुणी विचारलं नाही.

काका सकाळी बाबासाहेबांच्या फोटोला हार बदलायचे, मग खुर्ची टाकून दारात बसायचे. कुणी गेलं की मान हलवायचे. बोलणं कुठून सुरू करायचं असतं तेच त्यांना माहीत नव्हतं, खरंच माहीत नव्हतं.

मग एक दिवस समोरच्या ज्योत्स्ना मॅडम थांबल्या. चकलांब्याच्या शाळेवर शिकवतात त्या, सकाळी सातला जातात ते संध्याकाळीच येतात, नवरा गेवराईला नोकरीला.

"काका, तुमी दिवसभर घरीच असता ना?"

"हाय की. कुठं जाणार?"

"मग एवढं काम कराल का? आपल्या गल्लीत नळ दहा-बारा दिवसांनी येतो, अन् येतो तो बी कवा येईल नेम न्हाई. मागच्या टायमाला आमी दोघं बी बाहेर, हौद कोरडाच राहिला. चावी ठेवते तुमच्याकडं. नळ आला की तेवढी मोटर लावा."

काकांनी चावी हातात घेतली अन् त्यांना काय वाटलं ते सांगता येत नाही. परक्या बाईनं आपल्या घराची चावी दिली! संध्याकाळी सौरभला फोन करून सांगितलं, तो मीटिंगमधे होता.

महिन्याभरात सहा चाव्या झाल्या. नळाच्या दिवशी काका नुसते पळायचे. इकडची मोटर चालू कर, तिकडचा हौद भरला का बघ, आप्पाच्या गच्चीवरची टाकी वाहायला लागली की खालून बटण बंद कर. कुणाचं कॅलेंडर दोन महिने मागं हाय, कुणाच्या ओट्यावर दूध झाकायचं राहिलंय, कुणाच्या लग्नाच्या फोटोची काच फुटलीय, सगळं काकांना पाठ. फक्त एक गोष्ट त्यांच्या लई उशिरा ध्यानात आली. सहा घरात ते शंभरदा गेले असतील, पण माणसं घरात असताना एकदाही नाही.

तेवढ्यात भागवतला पोरगी झाली. बारसं रविवारी, बायपासच्या हॉलमधे, ही बातमी काकांना आप्पाच्या दुकानात कळली. काकांनी शुक्रवारीच जाऊन पिवळं झबलं आणलं. भागवत येईल सांगायला, मग त्याच्या पुढ्यात काढायचं नाही, हॉलमधेच देऊ, असं पण ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी गल्ली नटून बाहेर पडायला लागली. एकेक जण दाराशी थांबायचा.

"काका, आज पाळी हाय बरं का नळाची."

"ध्यान ठेवा काका, आमी येतो तीनपर्यंत."

शेवटी भागवतच आला, अत्तर मारून, नवा शर्ट घालून. "काका, घरातली समदी तिकडं, तुमच्या भरवशावर चाललोय बघा."

काका उभे राहिले. पुढचं वाक्य आता येणार म्हणून त्यांनी खांद्यावरचा टॉवेल पण नीट केला. भागवतनं गाडीला किक मारली अन् गेला.

गल्लीत कुत्रं पण राहिलं नाही. काका खुर्चीत बसून राहिले. साडेअकराला नळातून हवा सुटल्याचा आवाज आला, खर्र खर्र, म्हणजे पाचच मिनिटात पाणी. एकतीस वर्षांत भर रस्त्यात गाडी सोडून न गेलेला माणूस तो! पण त्यांनी सहाच्या सहा चाव्या खिशात घातल्या, झबल्याची पिशवी घेतली, आपल्या दाराला कुलूप लावलं अन् पायी हॉलकडं निघाले.

पाळण्याभोवती गर्दी होती. ज्योत्स्ना मॅडमनीच पहिल्यांदा बघितलं.

"काका? तुमी इथं? नळ आला का?"

"आला."

"मग मोटर?"

"न्हाई लावली."

"कावून?"

"जेवायला आलोय," काका म्हणाले.

भागवत पुढं आला, त्याचं तोंड उतरलेलं. "आवो काका, गल्लीच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं होतं की मी!"

"मी कुठं हाय ग्रुपात?"

भागवतनं खिशातून मोबाईल काढून बघितला. आप्पा मधेच ओरडला. "काय बे जालिंदर! आता दहा दिवस कशानं तोंड धुवायचं आमी? आन इकडं चाव्या!"

अन् मग जी पळापळ झाली! अख्खी गल्ली ताटं सोडून गाड्यांवर. आत्यानं पाळण्यात वाकून नाव ठेवलं, आरोही, ते ऐकायला घरची चार माणसं अन् काका. झबलं त्यांनी बाळाच्या आजीकडं दिलं. मग रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेत बसून वरण-भात अन् बुंदी खाल्ली. वाढप्यानं दोनदा विचारलं, अजून वाढू का. तेवढंच काय ते कुणीतरी विचारलं.

पोचेपर्यंत पाणी गेलं होतं, नळ कुणाला सापडला नाही. आप्पानं तर हॉलमधेच चावी घेतली होती, बाकीच्यांनी दोन दिवसात नेल्या. भांडलं कुणी नाही. "आता सासू राहणार हाय घरी, काका." "भाऊ आलाय गावाकडून." कारणं अशी गोड गोड. काका चावी काढून हातात द्यायचे, बरं म्हणायचे.

ज्योत्स्ना मॅडम मात्र आल्याच नाहीत. विसरल्या असतील का राहू दिली असेल? तीन दिवस काका त्या एका चावीकडं बघत बसले. चौथ्या दिवशी संध्याकाळी चावी घेऊन गेले अन् बेल वाजवली. ते घर त्यांना डोळे झाकून माहीत होतं, बेलचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

"चावी द्यायला आलतो."

मॅडमनी चावी घेतली. केस विस्कटलेले, हातात रिकामी घागर. "चार दिवस शेजारच्या बोअरवरनं पाणी वाहतेय मी, काका. शाळा करून! लई हाल केले तुमी आमचे."

"व्हय."

"व्हय काय? यायचं होतं तर यायचं, पर बटण दाबून यायला काय झालं होतं?"

काकांनी खांद्यावरचा टॉवेल परत नीट केला.

"आता दारात कावून उभं राहता? बसा आत."

काका सोफ्याच्या काठावर बसले. पंखा चालू होता, टीव्ही चालू होता, कुकरची शिट्टी झाली. ह्या खोलीत एवढे आवाज असतात हे त्यांना माहीतच नव्हतं. मॅडमनी चहा ठेवला अन् आतून बोलतच राहिल्या, तुमच्यासारख्या मोठ्या माणसाला शोभतं का, मला सांगितलं असतं तर मी भागवतला झापलं नसतं का, अन् आता कपडे धुवायला नदीवर जाऊ का. अर्धा तास काका शिव्या खात होते. पारूबाई गेल्यापासून त्यांना कुणी असं रागावलं नव्हतं. चहा अर्धाच कप होता.

उठले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "या मग काका."

सगळेच म्हणतात तसं म्हणाल्या का खरंच या म्हणाल्या, ते काकांना कळलं नाही. पायरीवर थांबून मागं वळले, पण दार लागलं होतं.

घरी येऊन ते खुर्चीत बसले. उद्या गेलं तर लगेच आले म्हणतील. परवा पण लवकरच होतं. किती दिवसांनी परत गेलेलं बरं दिसतं, हे ते लई वेळ बोटावर मोजत राहिले.